गुडघ्याचा मेंदू

मेंदूला फसवणं अगदी सोपं आहे हो! हसू नका. माझ्याकडे पक्की योजना होती आणि ती यशस्वीही झाली होती. फक्त माझा मेंदू त्या वेळी तिथे नव्हता.

मी चष्म्याच्या काचा घासतो. काचा उलटून बोलत नाहीत, म्हणून मी त्या धंद्यात टिकलो. माणसांपुढे माझी बोबडी वळते. भांडण नको, चर्चा नको, म्हणून मी प्रत्येकाला 'हो' म्हणतो. एकदा न्हाव्याने अर्धी मिशी उडवून विचारलं, "अशीच ठेवायची ना?" मी म्हणालो, "हो." आठवडाभर तोंडाला रुमाल बांधून फिरलो!

हे असंच चाललं असतं. पण लेकीच्या वर्गात दर महिन्याला काही पालकांनी येऊन आपापल्या कामाबद्दल बोलायचं ठरलं. लेक माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाबा, तू राहू दे. आई येईल." काळजात चर्र झालं हो! दुसऱ्याच दिवशी मी मनाच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

बाई म्हणाल्या, "आमचा एक अभ्यास चाललाय. मशीनमध्ये झोपवून तुम्हाला रागावलेले चेहरे दाखवायचे. मेंदू खवळला तर बोलून होणारे उपचार, शांत राहिला तर गोळ्या. अजून पक्कं काही नाही, पण बघू."

"बोलून म्हणजे कुणाशी?"

"गटात. अनोळखी माणसांपुढे."

मी जागीच गार! म्हणजे पोहता येत नाही म्हणून विहिरीत ढकलायचं? ते काही नाही, गोळ्याच मिळवायच्या. रागीट चेहऱ्यांपुढे मेंदू थंड ठेवायचा सराव मी घरीच सुरू केला. बायकोला म्हणालो, "रोज थोडा वेळ माझ्याकडे रागाने बघ." ती म्हणाली, "अहो, वेगळं काय करू?"

तपासणीच्या दिवशी मी दालनात नाव पुकारायची वाट बघत बसलो होतो. इतक्यात एक मदतनीस घाईघाईने आला. "गुडघ्याच्या तपासणीचे तुम्हीच ना?" आणि कागदावरचं नाव त्याने वाचून दाखवलं. नाव माझं नव्हतं. गुडघा तर नव्हताच नव्हता. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "हो."

म्हटलं, आत गेल्यावर सांगू. आत गेल्यावर म्हटलं, झोपल्यावर सांगू. तंत्रज्ञबाईंनी गुडघ्याभोवती मशीनचा पिंजरा आवळला.

"इथे दुखतं?"

"हो."

"फार?"

"फारच!" मी म्हणालो. बिचाऱ्या इतक्या आस्थेने विचारत होत्या, त्यांना नाराज कसं करायचं?

माझ्या गुडघ्याचे फोटो निघत असताना त्या तपासणीचा खरा मालक कुठे होता? तो फुटबॉलचा प्रशिक्षक. दोन माणसांची रुंदी आणि हातात काठी. तो तोंड धुऊन येताच दुसऱ्या मदतनिसाने त्याला माझ्या जागी आत नेलं होतं! 'मोठं हॉस्पिटल आहे, वरून खाली तपासत येत असतील,' अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पडद्यावर रागावलेला चेहरा आला की तो मशीनमधूनच ओरडायचा, "डोळे कुणाला दाखवतोस? मैदानाला दहा फेऱ्या!"

पुढे डॉक्टरीणबाई दालनात आल्या, त्या आनंदानेच. "अभिनंदन! रागीट चेहऱ्यांची तुमच्या मेंदूला पर्वाच नाही! तुम्हाला गोळ्या."

जिंकलो की हो! गपचूप गोळ्या घ्यायच्या आणि सटकायचं! पण शेजारीच हाडांचे डॉक्टर त्या प्रशिक्षकाला सांगत होते, "गुडघा नवाकोरा आहे! दुखणं मनाचं असेल. काठी टाका, धावा, उड्या मारा!"

प्रशिक्षकाने काठी खरोखरच भिरकावली. "संध्याकाळीच मैदानात उतरतो! पण आधी एक उडी इथेच!" असं म्हणत तो बाकावर चढला.

सांगावं तर सगळं दालन बघणार. न सांगावं तर त्या माणसाचा पाय जन्माचा जायचा! त्याने हात पसरले, गुडघे वाकवले...

"थांबा!" मी किंचाळलो. "तो गुडघा माझा आहे!"

सगळं दालन माझ्याकडे वळलं. दोन्ही डॉक्टर, दोन्ही मदतनीस, बाकावरचा प्रशिक्षक, सगळे रागावलेले चेहरे, आणि तेही जिवंत! मी चाचरत, घाम पुसत सगळं कबूल केलं. प्रशिक्षक आधी लाल झाला, मग बाकावरून हळूच, माझा खांदा धरून उतरला. खांदा अजून दुखतो.

बायको म्हणाली, "लोकांची अक्कल गुडघ्यात असते असं ऐकलं होतं. तुम्ही तर मेंदू तपासायला गेलात आणि गुडघाच दाखवून आलात!"

माझी तपासणी पुन्हा झाली. पहिल्याच चेहऱ्याला मेंदूत भडका! म्हणजे गटच. गेलो. रडलो, अडखळलो, पण जात राहिलो. शेवटी एकदा लेकीला म्हणालो, "वर्गात मी येतो." तिने दोनदा विचारलं, "नक्की?"

गेलो. दारातच वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, "या, या! अग्निशमन दलाचे तुम्हीच ना?"

इतके महिने उपचार! इतका सराव! मी ताठ उभा राहिलो, त्यांच्या नजरेला नजर दिली आणि ठणठणीत आवाजात म्हणालो, "हो!"

मग बोललो. तासभर बोललो! आवाज कापला नाही, हात थरथरले नाहीत. एकाने विचारलं, "काका, किती आगी विझवल्या?" म्हटलं, "रोज दोन." घरचा गॅस मीच बंद करतो. मुलांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. शेवटच्या बाकावर लेक कपाळाला हात लावून बसली होती.

परतताना तिने माझा हात धरला. "बाबा, मस्त बोललास तू. खरंच."

माझे डोळे भरून आले.

"पण आता पुढच्या आठवड्यात बंब घेऊन यायचाय. बाईंनी विचारलं, तेव्हा तू 'हो' म्हणालास."