घोरपडीचे शिखरदर्शन

मुलांनो, ही कथा मी गेल्या वैशाख पौर्णिमेच्या सकाळी, एका पाणवठ्याच्या काठी, वयस्क टिटवीकडून ऐकली. आपण रात्री पाय वर करून आभाळ तोलतो, हा तिचा दावा मी येथे विचारात घेतलेला नाही. बाकीचे तिच्याच क्रमाने देतो.

एका जंगलात एक उंच कडा होता. कड्यावर चढावे, डोळे मिटून स्वतःच्याच नावाने हाक मारावी. प्रतिध्वनी आला की स्वतःचा शोध लागला, असे तेथील प्राणी मानत. मग वाटाड्या वानर त्यांच्या कपाळी माथ्यावरच्या तांबड्या मातीचा टिळा लावी. उन्हाळ्यात टिळेवाल्यांनी आधी पाणी प्यावे, अशी रीत होती. इतरांच्या वाट्याला चिखल येई.

त्याच कड्याच्या माथ्यावर एक घोरपड राहत असे. त्या वर्षी तेथले टाके आटले. तहानेने व्याकूळ होऊन ती खाली पाणवठ्यावर आली.

"टिळा?" वानराने अडवले.

"अहो वानरभाऊ, मी माथ्यावरच राहते. अंगभर तीच माती आहे, बघा की!"

"राहता हो! पण चढलात कधी? स्वतःला शोधलंत?"

"मी हरवलेच नव्हते."

"तिथंच तर घोडं अडलंय!" ससा म्हणाला. तो दोनदा कड्यावर जाऊन आला होता आणि तेव्हापासून स्वतःला 'हा प्रवासी' म्हणत असे. "या प्रवाशाला विचाराल, तर बाई अजून फार कच्च्या आहेत."

"तुझ्या हाकांनी माझी दुपारची झोप मोडली होती, मेल्या!"

पण घसा कोरडा पडला होता. घोरपडीने वाद वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी वानर कड्यावर नेत असलेल्या प्राण्यांच्या तांड्यामागून ती निघाली. जो कातळ ती एरवी सरसर चढे, तेथे तिने सांगितल्याप्रमाणे वेलीचा दोर धरला. सांगितले तेथे थांबून "अहाहा!" म्हणाली. माथ्यावर पोहोचल्यावर तिने डोळे मिटून हाक मारली, "ए घोरपडे!"

"ए घोरपडे!" कडा म्हणाला.

तिला हुंदका आवरेना. टिळा लागला. खाली उतरून ती पोटभर पाणी प्यायली.

संध्याकाळी माथ्यावर परतताना ती आपल्याच बिळापाशी थबकली.

"किती साधी राहणी!" ती हळूच म्हणाली. "इथं कोण बरं राहत असेल?" मग परक्या घरी शिरू नये म्हणून तिने बाहेरूनच विचारले, "आहे का कोणी घरात?"

तात्पर्य : ज्याला आपले घर ठाऊक असते, त्याला पाणी मिळत नाही, म्हणून शहाण्याने वेळीच हरवावे. ज्यांना ते स्वतःहून जमत नाही, त्यांच्यासाठी वाटाड्याची सोय आहे.

टिटवीच्या म्हणण्यानुसार, बिळातून "ओ" असे उत्तर आले. एवढ्या भागाची खातरजमा मला अखेरपर्यंत करता आली नाही.