कॅप्टनसाहेबांची नम्र विनंती

दिगंबरपंत वकिलांनी आम्हाला दिलेला पहिला लष्करी हुकूम असा होता : "माझी नम्र विनंती आहे, की तमाम मंडळींनी आता सावधान व्हावं."

तमाम मंडळी म्हणजे पलूसच्या बाजूची शेतकऱ्यांची पोरं आणि शाळा सोडून त्यांच्यात गेलेला मी, एक प्राथमिक मास्तर. उसाच्या फडामागे रांगेत उभे होतो. बाळू हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, कवायत तोच शिकवायचा. तो वकिलांच्या कानाशी लागला, "आवं, विनंती कशापायी? नुसतं सावधान म्हना. आन् वरडा की जरा!"

"ओरडून आजवर कुणाचा दावा निकाली निघालाय, हवालदार?" दिगंबरपंतांनी गंभीरपणे विचारलं. हवालदारानं कपाळाला हात लावला.

दिगंबरपंत मूळचे साताऱ्याचे. वकिली बरी चालायची, नगरपालिकेतही निवडून आले होते. तिथं एका गटारीवर ते असं बोलले होते, की सभा संपेपर्यंत निम्मे सभासद घरी जाऊन जेवून परत आले. बेचाळीस साली मोठी पुढारी मंडळी तुरुंगात गेली आणि हा माणूस एका संध्याकाळी पक्षकाराचे कागद परत करून भूमिगत झाला. शिकलेला माणूस म्हणून वरच्यांनी त्यांना आमच्या तुकडीचा कॅप्टन केलं. त्यांनी डोक्यावर खाकी टोपी चढवली, पण अंगातला वकिलीचा काळा कोट काही काढला नाही. वैशाखातसुद्धा नाही.

एकदा पोलीस अगदी पाठीवर आले. आम्ही भराभर उसात घुसलो, तर कॅप्टनसाहेब बांधावरच उभे.

"शेतमालकाची संमती घेतलीय का?"

"मालक हितं कुटला आननार आता? शिरा आत!" म्हणत हवालदारानं त्यांना कोटासकट आत ढकललं. आत पाल्यानं गाल कापला, पण रक्त पुसायच्या आधी ते कुजबुजले, "माझी हरकत नोंदवा."

"नोंदीवली," हवालदार म्हणाला. "आता गप बसा, पाया पडतो."

हसायचो आम्ही त्यांना, पण घाबरट मात्र कुणी म्हणत नसे. कृष्णा ओलांडताना गोळीबार झाला आणि आमच्यातल्या एकाच्या मांडीत गोळी शिरली. आम्ही पैलतीर गाठून मागं पाहतो, तर काळा कोट उलट्या दिशेनं पाण्यात चाललेला. त्या पोराला खांद्यावर टाकून ते आले आणि आल्या आल्या म्हणाले, "माझा चष्मा कुणी पाहिला का?" तो कोटाच्या खिशातच निघाला.

मग धोंडिबा सापडला.

हा धोंडिबा पोलिसांचा खबऱ्या. वकिलांची बायको सांगलीला माहेरी राहायची. वकील तिला भेटायला येणार, ही खबर त्यानंच दिली होती, आणि घर दाखवायला तो पोलिसांबरोबर गेला होता. त्या दिवशी आमचा मुक्काम अचानक हलला, दिगंबरपंतांचं सांगलीला जाणं राहिलं, म्हणून ते वाचले. पोरं पिसाळली होती. तळपाय फोडून काढायचे, असं ठरूनही गेलं होतं.

"आरोपीचा वकील कोण?" दिगंबरपंतांनी विचारलं.

"खबऱ्याला कसला आलाय वकील?" हवालदार उसळला.

दिगंबरपंतांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. "मास्तर, तुम्ही न्यायाधीश. हवालदार, तुमची तक्रार मांडा. आरोपीतर्फे मी उभा आहे."

गुऱ्हाळाच्या छपरात भर दुपारी तो खटला चालला. धोंडिबाच्या भावाला पोलिसांनी कोठडीत डांबलं होतं. खबर दिलीस तर सोडतो, असं फौजदारानं सांगितलेलं. दिगंबरपंतांनी प्रत्येकाला एकच विचारलं, "तुमचा भाऊ असता तर?" पोरांनी हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. मी निकाल दिला : मारायचं नाही. धोंडिबानं नदीपलीकडं सासुरवाडीला जावं, स्वराज्य येईपर्यंत इकडं फिरकू नये.

"ह्यो वकील लय वाईट गड्या," हवालदार मला म्हणाला. "आपल्याच मान्सास्नी हरिवतो."

धोंडिबाला बांधापर्यंत सोडायला ते स्वतः गेले. मी भाकरी बांधून मागोमाग निघालो. दोघं बांधावर बसले होते.

"तू घरात गेला होतास ना?" दिगंबरपंत विचारत होते. आवाज वकिलाचा नव्हता.

"चुकी झाली, सायेब."

"ते झालं रे. दार कुणी उघडलं?"

"बाईसायबांनी."

"कशी होती? बारीक झालीय?"

"जराशीक. पन पोलिसांस्नी घाबरल्या न्हाईत."

दिगंबरपंत त्याच्याजवळ सरकले. "एक लहान मुलगी दिसली का?"

"व्हय की. चुलीपाशी हुती. आमास्नी बगून आत पळाली."

"पळाली?" त्यांनी धोंडिबाचा दंड धरला. "चालायला लागली ती? मी निघालो तेव्हा नुसती रांगत होती. धडपडली नाही ना?"

"न्हाई, सायेब. चांगली पळाली."

मी भाकरी घेऊन तिथंच उभा राहिलो. दिगंबरपंतांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला, आणि तो डोळ्यांवर न चढवताच म्हणाले,

"कशी पळाली, ते पुन्हा एकदा सांग."