दोरीचं ॲव्हरेज

कार्यालयाची पांढरी डिझेल मोटार लिटरला सोळा किलोमीटर जायची ती नऊ जाऊ लागली, ही बाब अत्यंत गंभीर होती. गाडीला काही झालं असेल म्हणून नव्हे. तिमाही तक्त्यात रकाने बारापासून सुरू होत होते आणि नऊ हा आकडा लिहायचा कुठे, हे कुणालाच सांगता येईना, म्हणून. तेव्हा 'इंधन बचत कक्ष' स्थापन करण्यात आला. उरलेलं डिझेल जातं कुठे, हे शोधणं कक्षाचं काम होतं, आणि कक्षाच्या मॅडमनी ते पहिल्याच दिवशी, चहा यायच्या आत शोधलं. ड्रायव्हरकडे.

ड्रायव्हरला सगळे काका म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी सहा साहेब फिरवले होते आणि एकाचाही चहा कपाबाहेर सांडू दिला नव्हता. निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांच्या हातात नोटीस पडली: 'दर लिटरमागे सात किलोमीटरचे डिझेल आपण कोठे नेले, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. खुलासा न केल्यास आपण ते विकले असे समजण्यात येईल. केल्यास खुलाशाची चौकशी करण्यात येईल.' तोवर सोय म्हणून सेवापुस्तकात लाल शाईने 'संशयित' असं लिहून ठेवलं होतं.

काका घरी आले ते जेवलेच नाहीत. बायकोने नोटीस दोनदा वाचली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, एकतीस वर्षं तुमचे शर्ट मी धुतेय. त्यांना काय ठाऊक? चोरीचं डिझेल असतं तर मला आधी वास आला असता!"

"लाल शाई आहे ग," काका म्हणाले. "आठ महिन्यांनी मी घरी येईन, पण ती तिथंच राहील."

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर उभे राहिले. "मॅडम, एअर फिल्टर चोंदलाय. इंजिनाला श्वासच घेता येत नाही, म्हणून ते डिझेल जास्त पितं. फिल्टर बदलला, टायरमध्ये हवा नीट भरली, की गाडी सोळावर येते."

"हे तांत्रिक मत झालं, काका," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुमचं पद अतांत्रिक आहे."

"बरं, मग तांत्रिक माणसाला विचारा."

"तांत्रिक पद रिक्त आहे. आणि नियम असा आहे की, सुटे भाग फक्त समाधानकारक ॲव्हरेज देणाऱ्या वाहनांनाच द्यायचे. नालायक गाडीवर उगाच खर्च नको. तुम्ही आधी ॲव्हरेज सुधारा, मग फिल्टर मागा."

काकांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच फिल्टर आणून बसवला. गाडी जत्रेला निघाल्यासारखी पळू लागली. चौथ्या दिवशी कक्षाने धाड घातली, कार्यालयीन मालमत्तेत अनधिकृत फेरफार केल्याचा पंचनामा झाला आणि जुना, काळाकुट्ट फिल्टर दोन साक्षीदारांसमक्ष सन्मानाने परत बसवण्यात आला. लाल शाईच्या खाली आणखी एक लाल ओळ आली.

मग कक्ष स्वतः कामाला लागला. वजन कमी केलं की ॲव्हरेज वाढतं, असं कुठेतरी छापून आलं होतं. म्हणून आधी स्टेपनी काढली, मग जॅक, मग मागची सीट. साहेब मागे स्टुलावर बसू लागले. तरी काटा नऊच्या पुढे हलेना, तेव्हा गाडीतल्या माणसांच्या वजनाचा आढावा घेण्यात आला. साहेब एकशे चार किलो भरले, काका एकोणसाठ. सहा किलो कमी करण्याचा आदेश काकांना मिळाला. परिपत्रकाची एक प्रत माहितीसाठी त्यांच्या बायकोला होती.

"आता माझ्या स्वयंपाकाचीही चौकशी लावणार का हे लोक?" ती म्हणाली, आणि त्या रात्री तिने मुद्दाम वाढीव वाढलं.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका दुपारी साहेबांना घेऊन चढ चढताना गाडीने मोठा उसासा टाकला, काळा धूर सोडला आणि ती बंद पडली. मागून कार्यालयाचाच पाण्याचा टँकर येत होता. टँकरवाल्याने दोरी बांधली आणि मोटार बारा किलोमीटर ओढत आणली. काका किल्ली फिरवून स्टिअरिंग धरून बसले होते. चाकं फिरली की मीटरवरचा आकडा पुढे सरकतो. चाकं कोण फिरवतंय, याची तो चौकशी करत नाही.

संध्याकाळी मॅडमनी लॉगबुक पाहिलं. बारा किलोमीटर, डिझेल शून्य. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काका! हे आधी का नाही सुचलं तुम्हाला?"

"मॅडम, टँकरने ओढलं हो. त्याचं डिझेल जळलं."

"टँकर पाणीपुरवठा शाखेचा. तो आपला विषय नाही."

दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला. सकाळी नऊ वाजता टँकर साहेबांच्या दारात हजर होऊ लागला. दोरी बांधायची, साहेबांना कार्यालयात आणायचं, मग बैठकीला, मग घरी. टँकर रिकामा असला की मोटार सहज ओढतो, म्हणून तो भरणंही बंद झालं. महिन्याच्या सुरुवातीला जळालेलं डिझेल धरूनही महिन्याअखेर मोटारीचं ॲव्हरेज एकाहत्तर आलं. त्यासाठीही तक्त्यात रकाना नव्हता, पण तो तासाभरात आखून मिळाला. लाल शाईवर पांढरा कागद चिकटवून 'निर्दोष' असा शिक्का मारण्यात आला. आणि एकाहत्तर हे समाधानकारक असल्यामुळे नवा फिल्टरही मंजूर झाला. तो आला, त्याची नोंद झाली आणि तो कपाटात गेला, कारण एकाहत्तर देणाऱ्या गाडीत कुणी हात घालतं का?

काकांना कितीतरी दिवसांनी नीट झोप लागली. पण सकाळी बायको कळशी घेऊन दारात उभी होती. "महिना होत आला. आपल्या गल्लीत टँकर फिरकला नाही. तुम्ही कार्यालयात असता, जरा विचारा की, कुठं असतो तो?"

काकांनी बुटाची नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "विचारतो," ते म्हणाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण निर्दोष होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

पुढे काकांचा सत्कार ठरला. शिवाय सामान्य वाहनधारकांसाठी त्यांचं मार्गदर्शनही ठेवलं होतं. सभागृह खचाखच भरलं. शाल, नारळ असलं काही नव्हतं, एक प्रमाणपत्र होतं आणि समोर माईक. काकांनी आदल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं. सकाळीच गाडीतून गुपचूप काढून आणलेला तो काळाकुट्ट फिल्टर त्यांनी पिशवीतून काढला आणि उंच धरला. मॅडमचा चेहरा पडला.

"हा बघा," काका माईकमध्ये म्हणाले. "रोग हा होता. एकाहत्तर वगैरे सगळं खोटं. मला टँकर ओढतो, आणि आमच्या गल्लीत पाणी नाही. फिल्टर बदला, टायरमध्ये हवा ठेवा, गाडी दामटू नका. एवढंच आहे. बाकी काही नाही."

कुणीतरी जांभई दिली. मग तिसऱ्या रांगेतून एक हात वर झाला.

"ते ठीक आहे हो. पण दोरी कुठली? नायलॉनची की काथ्याची?"

काकांनी हातातल्या फिल्टरकडे पाहिलं, मग समोरच्या त्या उत्सुक चेहऱ्यांकडे. शेवटी त्यांनी फिल्टर हळूच पिशवीत ठेवला.

"नायलॉन," ते म्हणाले. "साडेआठ मीटर."

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बाहेर पडताना काका सगळ्यांशी हात मिळवत होते. तिसऱ्या रांगेतले ते गृहस्थ वहीत लांबी लिहून घेत होते, आणि काकांनी त्यांना लगेच ओळखलं. आता असं इकडेतिकडे बघू नका. तुम्हीच होता ते.