गव्यांचा रवंथ आणि जंगलाचे लोकमत

एका जंगलात, मुलांनो, सार्वजनिक वाहतुकीची व्यवस्था होती. आश्चर्य वाटून घेऊ नका. काही शहरांतही ती असते.

टेकडीवर छोट्या प्राण्यांची बिळे होती. कोवळा चारा मात्र नदीकाठी होता. मधे उंच गवत पसरलेले होते आणि त्या गवतात राज्याचे प्रमुख, वाघ महाराज, राहत असत. महाराजांचे प्रजेवर अतिशय प्रेम होते, विशेषतः दुपारी.

म्हणून छोटे प्राणी गव्यांच्या पाठीवर बसून नदीवर जात. प्रत्येक गव्याच्या गळ्यात पळसाच्या पानांची माळ असे. माळ असलेल्या गव्याला आणि त्याच्या प्रवाशांना खायचे नाही, असा नियम होता. महाराज तो काटेकोरपणे पाळत. माळ नसलेल्यांबाबत कोणताही नियम नव्हता.

गवा हा रवंथ करणारा प्राणी आहे, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. तो आधी घाईघाईने खातो आणि नंतर स्वस्थ बसून तेच पुन्हा चावतो. थांबू दिले नाही तर त्याचे पोट फुगते. फार फुगले तर तो मरतो. राज्याचे सचिव साळिंदर हेही हे शाळेत शिकले होते. परंतु पुढे ते प्रशासनात गेले.

एके दिवशी साळिंदरांनी पाहणी केली. गवे दुपारी जांभळीखाली बसून तोंड हलवत होते. तोंडात नवीन काहीही नव्हते. साळिंदरांनी स्वतःच्या पाठीवरचा एक काटा उपटला आणि आदेश लिहिला: दुपारची बैठक रद्द, फेऱ्यांत वाढ. प्रवासी आनंदले.

गव्यांची पोटे फुगू लागली. भुरी नावाच्या वयस्क मादीचे सर्वांत जास्त. ती साळिंदरांकडे गेली.

"साहेब, दुपारी घटकाभर बसू द्या. पोट नगाऱ्यासारखं झालंय."

"चालता चालता चावा की."

"चालताना वर येत नाही, साहेब."

"काय वर येत नाही?"

"खाल्लेलं."

साळिंदरांनी नाक मुरडले. "असल्या गोष्टी कार्यालयात बोलत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सगळे गवे जांभळीखाली बसले आणि उठलेच नाहीत. संप सुरू झाला.

टवकारबाई नावाची एक सशीण रोज भुरीच्या पाठीवरून नदीवर जाई. तिला प्रत्येक विषयावर मत होते. ती लगबगीने जांभळीपाशी आली.

"भुरे, तुमची मागणी अगदी रास्त आहे हो! पोट म्हणजे शेवटी पोट. माझा पूर्ण पाठिंबा."

"बरं वाटलं, बाई."

"मग निघायचं ना?"

"आज संप आहे, बाई."

"हो, करा ना. जरूर करा. मला सोडून या आणि मग करा."

भुरी चावत राहिली. टवकारबाईंचा पाठिंबा थोडा कमी झाला.

या जंगलात सातभाई नावाचे पक्षी होते. ते घोळक्याने फिरत आणि एकाच वेळी बोलत. त्यामुळे त्यांना लोकमत समजले जाई. त्यांनी घरोघरी जाऊन प्रश्न विचारला: "तुम्हाला नदीवर जायचे आहे का?" सगळ्यांना जायचे होते. सातभाईंनी जाहीर केले: "संपाला संपूर्ण जंगलाचा विरोध!"

"पण मला गव्यांचंही पटतं," एक म्हातारे मुंगूस म्हणाले.

"आजोबा, प्रश्न तो नव्हता," सातभाई म्हणाले.

संध्याकाळपर्यंत टवकारबाईंचे मत पक्के झाले. "आम्ही करतो का रवंथ? आमचं काही अडतं का?" त्या बिळाबिळांतून विचारत फिरल्या. (ससे रवंथाऐवजी काय करतात, ते प्राणिशास्त्राच्या पुस्तकात दिले आहे. येथे सांगणे प्रशस्त नाही.)

लोकमताचा आदर करून साळिंदरांनी दुसरा काटा उपटला. प्रवासी वाहणे ही अत्यावश्यक सेवा ठरली. बसलेल्या गव्याची माळ काढून घेण्यात येईल, असा वटहुकूम निघाला.

गव्यांनी उंच गवताकडे पाहिले. मग ते उठले.

पण भुरी विचार करणारी होती. गव्यांच्या सेवेचे काही जुने नियम होते. शेवटचा प्रवासी नीट बसल्याशिवाय हलू नये. उतारावर प्रत्येक दगड आधी खुराने चाचपून पाहावा. हे नियम पाळले तर वाहतूक चालणार नाही, हे सर्वांना माहीत होते. म्हणून ते फक्त अपघातानंतर वाचले जात.

भुरी थांब्यावर येऊन उभी राहिली. टवकारबाई चढल्या.

"चल, चल. आधीच खोळंबा झालाय."

"शेवटचा प्रवासी बसायचाय, बाई. ती खार अजून शेपूट आवरतेय."

"अगं, खारीचं शेपूट जन्मात आवरत नाही!"

"मग थांबू या."

भुरी उभी राहिली आणि उभ्या उभ्या सावकाश चावू लागली. तिचे पाहून इतर गवेही नियम पाळू लागले. दुपार झाली. कोणीही संपावर नव्हते आणि कोणीही नदीवर पोहोचले नव्हते. भुरीचे पोट मात्र थोडे उतरले.

"यापेक्षा संप बरा होता!" टवकारबाई पाठीवरूनच ओरडल्या. "संपात निदान कायदा तरी मोडत होते!"

सातभाईंनी हे वाक्य सर्वत्र पोहोचवले. साळिंदरांनी तिसरा काटा उपटला. नियमांचे प्रमाणाबाहेर पालन करणे हाही गुन्हा ठरला. भुरीला दुसऱ्या दिवशी सकाळी सुनावणीसाठी बोलावण्यात आले.

"नियम मोडलात?" साळिंदरांनी विचारले.

"नाही, साहेब."

"म्हणजे पाळलात?"

"हो, साहेब."

"गुन्हा कबूल."

"साहेब, मोडला तरी माळ जाते, पाळला तरी माळ जाते. मग आम्ही करायचं काय?"

"त्याचे तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे," साळिंदर म्हणाले आणि त्यांनी माळ काढून घेतली.

जमलेल्या प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या गव्यांनी माना खाली घातल्या, नियम विसरले आणि ते भराभर प्रवासी वाहू लागले.

भुरी जांभळीखाली जाऊन बसली. आता तिला कोणी उठवणार नव्हते. थोड्या वेळाने एका तरुण गव्याच्या पाठीवरून टवकारबाई तिथून निघाल्या.

"बसलीस ना शेवटी? झालं ना मनासारखं?"

"झालं, बाई. एवढं चावून होईपर्यंत जरा गवताकडे लक्ष ठेवाल का?"

"ठेवलं असतं गं. पण आज आधीच उशीर झालाय."

दुपारी महाराज आले. नियमानुसार त्यांनी प्रथम गळा पाहिला. माळ नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून वाहतूक सुरळीत झाली. सातभाईंनी नवा प्रश्न विचारला: "वाहतूक सुरळीत झाल्याचा आनंद झाला का?" सगळ्यांना आनंद झाला होता. म्हाताऱ्या मुंगसाला या वेळी कोणी विचारले नाही.

टवकारबाईंची मात्र एक तक्रार होती. तरुण गव्याची पाठ सारखी हलत असे. जांभळीपाशी आल्यावर जास्तच.

"अरे, नीट चाल ना! एवढं थरथरायला काय झालं?"

गवा चाल वाढवी.

व्यवस्था सुधारायची असेल तर नागरिकांनी बोलले पाहिजे, असे टवकारबाईंचे ठाम मत होते. एके दिवशी नदीवरून परतताना वाटेत महाराज साळिंदरांसह उभे दिसले. टवकारबाईंनी पाठीवरूनच हाक मारली.

"महाराज, सांगायलाच हवं म्हणून सांगते. प्रवासात फार हादरे बसतात. वयस्कर प्रवाशांनी काय करायचं?"

"प्रवाशांची गैरसोय आम्हाला मुळीच खपत नाही," महाराज आस्थेने म्हणाले. ते थोडे पुढे सरकले. "कोणता गवा, बाई?"

"हाच की. मी बसलेय तो."

साळिंदर माळेकडे हात नेऊ लागले.

"अहो, आत्ता नको!" टवकारबाई घाईने म्हणाल्या. "मला टेकडीवर पोहोचवू द्या त्याला आधी. मग काढा."

महाराजांनी मान डोलावली. त्यांना घाई नव्हती. तरुण गवा सर्व ऐकत होता. त्याने टेकडीच्या दिशेने पाऊल उचलले आणि त्याची पाठ पूर्वीपेक्षा जोरात हलू लागली.

"बघा!" टवकारबाई मागे वळून म्हणाल्या. "मी उगाच म्हणते का?"

तात्पर्य: अत्यावश्यक सेवा देणाऱ्याने कधीही थांबू नये. त्याच्या थांबण्याने जनतेची गैरसोय होते. त्याच्या मरण्याने होत नाही. त्याच्या जागी लगेच दुसरा मिळतो.