एक खुर्ची आणि दोन कोंपाद्रे

कॅन्ससमधल्या ब्रायर क्रीकच्या नगरपरिषदेत एकशेबारा वर्षांत एकही स्पॅनिश बोलणारा बसला नव्हता. म्हणजे बसले होते, पण प्रेक्षकांत! निम्मं गाव आपलं, मांसाचा कारखाना आपल्या मनगटावर चाललेला, आणि खुर्ची मात्र अपक्ष क्रूगरसाहेबांची. यंदा रेफुजिओ सामारिपानं आपल्या बेकरीत कणकेवर मूठ आपटून जाहीर केलं, "या वेळी आपला माणूस बसणार! खुर्चीचं माप घेऊन आलोय मी!"

आणि खरंच घेऊन आला होता. डेमोक्रॅट पक्षानं तिकीटही दिलं.

दृष्ट कुणाची लागली कोण जाणे, सोमवारी बाल्दोमेरो किरोसनं रिपब्लिकनांकडून अर्ज भरला! बाल्दोमेरो टायरवाला, रेफुजिओच्या थोरल्या लेकीचा धर्मपिता. म्हणजे दोघे एकमेकांचे कोंपाद्रे. कोंपाद्रेला अरे-तुरे करणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी मारणं. त्यामुळे भांडणसुद्धा आदरपूर्वक झालं.

"कोंपाद्रे, आपण गाढव आहात!"

"आपली कृपा, कोंपाद्रे. पण गाढव आपल्या पक्षाचं चिन्ह. माझ्या पक्षाचा हत्ती आहे!"

"गाढव निदान ओझं तरी वाहतं. आपल्या हत्तीला टायर कुठले बसवता?"

गावात दोन तट पडले. डेमोक्रॅट पंक्चर गाड्या ढकलत शेजारच्या गावी नेऊ लागले. रिपब्लिकन पावाशिवाय कोरडी कॉफी घोटू लागले.

रेफुजिओची बायको ओब्दुलिया गल्ल्यावर बसून हे सगळं बघत होती. शेवटी ती म्हणाली, "म्हातारबा, हिशेब येतो ना? आपली निम्मी मतं तुम्हाला, निम्मी त्यांना, आणि खुर्ची पुन्हा क्रूगरला. अठ्ठावीस वर्षं झाली. गादी झिजली, पण माणूस काही उठत नाही!"

हे बोल रेफुजिओच्या घशात शिळ्या पावासारखे अडकले. शुक्रवारी, माघारीच्या शेवटच्या तासाला, तो कचेरीत गेला आणि त्यानं सही ठोकून नाव मागे घेतलं. पक्ष गेला खड्ड्यात, माणूस आपला बसू दे! स्वतःच्या त्यागानं त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले.

पायऱ्यांवर बाल्दोमेरो भेटला.

"इकडे कुठे, कोंपाद्रे?"

"पाणीपट्टी. आणि आपण?"

"पाणीपट्टीच!"

शनिवारी सकाळी रेफुजिओ गोड पावांचं ताट घेऊन निघाला. समोरून बाल्दोमेरो नवाकोरा टायर घरंगळवत येत होता.

"अभिनंदन, नगरसेवकसाहेब!" दोघे एकदमच ओरडले.

"माझं कसलं? मी तर आपल्यासाठी माघार घेतली!"

"अहो, मी आपल्यासाठी घेतली!"

"हा शहाणपणा आपल्याला शिकवला कुणी?" रेफुजिओनं विचारलं.

"आपल्याच बायकोनं!"

ओब्दुलियानं तेच भाषण टायरच्या दुकानातही ठोकलं होतं!

आता मतपत्रिकेवर एकटे क्रूगर. त्याखाली एक रिकामी ओळ, हवं ते नाव हातानं लिहायला. झालं! रेफुजिओ दारोदार सांगू लागला, "बाल्दोमेरो लिहा!" त्याच्या मागोमाग बाल्दोमेरो, "ऐकू नका, रेफुजिओ लिहा!" पुन्हा भांडण, पुन्हा दोन तट, फक्त बाजू उलटल्या.

वैतागलेली माणसं बेकरीत आली. "दोन्या ओब्दुलिया, बाईसाहेब, लिहायचं तरी काय?"

"काहीही लिहा," ती पाव मोजत म्हणाली, "पण सगळे मिळून एकच नाव लिहा!"

लिहिलं. ओब्दुलिया सामारिपा! क्रूगर एकोणीस मतांनी पडले.

शपथेच्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओब्दुलियानं बायबलवर हात ठेवला, ठणठणीत आवाजात शपथ घेतली आणि अशी बसली, जणू खुर्ची तिनं माहेराहून आणली होती. म्हाताऱ्या बाया उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. बाल्दोमेरो ढसाढसा रडत होता. "कोंपाद्रे, आपली ओब्दुलिया!" रेफुजिओची छाती एवढी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटून बातमीदाराच्या वहीवर पडलं.

"सिन्योर सामारिपा," बातमीदार बटण परत देत म्हणाला, "परिषदेत दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. आता सगळं तुमच्या पत्नीच्या मतावर. त्या कुठल्या बाजूच्या?"

रेफुजिओनं ऐटीत तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात स्वतःचा पक्ष त्यानं तिला रोज दोन वेळा, जेवणासोबत, ऐकवला होता.

तो हळूच बाल्दोमेरोच्या कानाशी लागला. "कोंपाद्रे, आपल्याला कधी काही बोलली आहे का हो ती?"

बाल्दोमेरोनं डोळे पुसले. "मला वाटलं, आपण विचारलं असेल!"