पाठीमागची बटणं

सहा वर्षांचा लेम पर्किन्स अजून झगा घालत होता. त्यात नवल काही नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, ओहायोतल्या त्या गावात लहान मुलगेही झगेच घालत, आणि पोरगा झग्यातून विजारीत कधी जाणार, हे घरची मोठी माणसं ठरवत. अंग पोराचं, अक्कल मोठ्यांची! पण शाळेत झगेवाल्यांना मुलींच्या बाकावर बसवत, आणि लेमला मुलग्यांचा बाक हवा होता.

"ज्याला स्वतःची बटणं लावता-सोडता येत नाहीत, त्याने झगाच घालायचा," बाप जोथम म्हणाला. "माझ्या घरात हाच कायदा."

"येतात मला!" लेम ठणकावून म्हणाला.

आई केझियाने बापाच्या जुन्या कोटातून विजार बेतली. घसरू नये म्हणून ती सदऱ्याला आठ बटणांनी जोडली. चार पुढे, चार पाठीमागे. सोमवारी सकाळी आईनेच ती लावून दिली आणि लेम ऐटीत मुलग्यांच्या बाकावर जाऊन बसला.

दहाच्या सुमाराला त्याला घाईची लागली. परसात जाऊन पुढची चार सोडली. पण मागची सुटल्याशिवाय विजार खाली येईना, आणि त्यांना हात पोचेना. तसाच वर्गात पळत आला. शेजारच्या पोराने जोर लावला. "हलू नको रे, माकडा!" एक बटण तुटून दौतीत पडलं. मग मास्तर वाकले.

"कुणी शिवलंय हे? लोहाराने?"

"राहू द्या, मास्तर," मुलींच्या बाकावरून एकजण म्हणाली, "झालं त्याचं."

जोथमने ओली विजार खुंटीला टांगली. "कायदा म्हणजे कायदा." आठवडाभर लेम झग्यात, मुलींच्या बाकावर.

रविवारी चर्चला निघताना जोथम आरशापुढे घामाघूम झाला होता. खळ घातलेली सुटी कॉलर सदऱ्याच्या मानेमागच्या बटणात काही केल्या अडकेना.

"केझिया! अगं, ये की लवकर!"

"बाबा, तुम्हालापण येत नाही?" दारातून लेमने विचारलं.

"गप रे. मागे आहे ते. हात नीट पोचत नाही."

"माझीपण मागेच होती."

केझिया आली. तिने बटणाला हात लावला नाही. आपला निळा झगा आणून नवऱ्याच्या खांद्यावर टाकला.

"अहो, कायदा तुमचाच ना?"

चर्चची घंटा वाजायला लागली. जोथम खाली बघत पुटपुटला, "विजार दे त्याला. पण ती बटणं..."

"मंगळवारीच पुढे घेतलीत मी," केझिया म्हणाली. "आता वाका खाली."