फ्लेक्सवरचं लंडन

उमापूरच्या शिवकन्याला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी एकदमच बोलावलं आणि पंचाईत झाली. लंडनला व्यवसाय व्यवस्थापन होतं, न्यूझीलंडला मेंढीपालन. शिष्यवृत्ती दोन्हीकडे. लंडनचा अर्ज कॉलेजातल्या सरांनी भरायला लावला म्हणून तिनं भरला होता. जीव मात्र मेंढ्यांत अडकलेला. घरची मेंढरं दर पावसाळ्यात रोगानं पटापट मरताना बघत ती वाढली होती, म्हणून तर तिनं शेतकी कॉलेज धरलं होतं. सोमवारी काय ते कळवायचं होतं.

जेवताना तिनं दोन्ही नावं सांगितली. चुलता त्रिंबक भाकरी तशीच टाकून उठला.

"मेंढरं राखायला इमानात बसून कशापायी जायचं? दारात काय कमी हाईत? लंडन! ठरलं!"

"काका, माजं आजून ठरलं न्हाई."

"तुजं नसंल. माजं ठरलं."

शिवकन्याचे वडील सुग्रीव हात धुऊन मेंढरांकडे गेले. ते तसेही माणसांपेक्षा मेंढरांशीच जास्त बोलत.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर फ्लेक्स झळकला. 'लंडन येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मागे लंडनचा घड्याळाचा मनोरा, मधोमध तालुक्याचे साहेब आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून गॉगल घातलेला त्रिंबक. शिवकन्या खालच्या कोपऱ्यात होती, दहावीच्या ओळखपत्रावरच्या फोटोत. शुभेच्छुकांतले निम्मे चेहरे तिनं जन्मात पाहिले नव्हते.

आमच्याकडे एकदा फ्लेक्स लागला की गोष्ट खरी होते. घरी नारळ घेऊन माणसं यायला लागली. शेजारच्या केशरबाईंनी चहा पिता पिताच आपल्या मुलाची सोय लावून टाकली.

"आमच्या हरिओमला बी तिकडंच धाडते बाई. नोकरी लागंस्तवर तूच दोन घास घाल. लई गरीब हाय, नुसता झोपून ऱ्हातो."

सरपंच गहिनीनाथांनी तर मुलाचं लग्न उरकलं की नवरा-नवरीला फिरायला लंडनलाच धाडायचं ठरवलं. उतरायला शिवकन्याची खोली होतीच. शिवकन्याला अजून लंडनचा नकाशाही माहीत नव्हता आणि तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"काका, मला मेंढ्यांचंच शिकायचंय," ती शेवटी म्हणाली. "तेवढा फ्लेक्स उतरवा."

त्रिंबकचा चेहरा खर्रकन उतरला. "लागलेला फ्लेक्स? अगं, रविवारी खुद्द साहेब येणार हाईत सत्काराला. मला गावात तोंड दाखवू देती का न्हाई?"

रविवारी सत्कार झाला. साहेबांसोबत आलेल्या सगळ्यांना फेटे बांधता बांधता ऊन डोक्यावर आलं. मंडपामागून मसालेभाताचा वास सुटला. तेव्हा कुठे शिवकन्याच्या हातात माइक आला. तिनं मनाशी ठरवलंच होतं. तिनं सांगून टाकलं.

"मी लंडनला जाणार न्हाई. मी न्यूझीलंडला मेंढ्यांचं शिकायला चाललेय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्कारमूर्ती काय बोलते ते ऐकायला सत्काराला कोण येतं? साहेब उठले आणि म्हणाले, "आत्ताच आपल्या कन्येनं सांगितल्याप्रमाणे, लंडन आता लांब राहिलेलं नाही!" पुन्हा टाळ्या. हरिओमनं शिट्टी मारली.

घरी येऊन शिवकन्या ओसरीत बसून ढसाढसा रडली. उद्या सोमवार. आता लंडनला 'हो' म्हणण्याखेरीज गत्यंतर नाही, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात सुग्रीव येऊन शेजारी टेकले.

"म्या ऐकलं तुजं," ते म्हणाले. "मेंढराचंच घे."

"अन् फ्लेक्स, अण्णा?"

त्रिंबक फेट्यासकट धावत आत आला. "दादा, आसं करू नगा! माजी इज्जत जाईल!"

"फ्लेक्स ऱ्हाऊ दे की," सुग्रीव शांतपणे म्हणाले. "केशरबाईचा हरिओम, सरपंचाची सून, सगळी लंडनात उतरतील. तितंच हिला हुडकू दे त्यायला. पोरगी मेंढरात निवांत शिकंल."

त्रिंबकनं फेटा सावरत बराच विचार केला.

"म्हंजी फ्लेक्स खोटा न्हाई पडत ना?"

"न्हाई पडत. पोरगीच तेवढी दुसरीकडं जाईल."

मग त्रिंबकची काहीच हरकत उरली नाही.